अम्मीचे शिलाई मशीन



मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. घरातला फ्रिज बावीस वर्षांचा आहे. मुलगा म्हणतो बदलू या, सासूबाई म्हणतात चालतोय तोवर हात लावायचा नाही. "दोघांचेही मन राखायचे तर काय करू?" असे त्यांनी विचारले आहे. फ्रिजचे उत्तर पुढे देतेच. पण पत्र वाचताना मला फ्रिज आठवला नाही, अम्मीचे शिलाई मशीन आठवले. आज आधी त्याविषयी लिहिते.

माझे माहेर चिपळूणचे. २२ जुलै २०२१ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आमचे घर बाजारपेठेपासून फार लांब नाही. २००५ च्या २६ जुलैलाही घरात पाणी शिरले होते, त्यामुळे भावाने यावेळी सामान टेबलावर, पलंगावर चढवून ठेवले होते. पण वाशिष्ठीने टेबल आणि पलंग जुमानले नाहीत. तळमजल्यावर छताच्या पंख्याखाली वीतभर जागा सोडून बाकी सगळीकडे पाणी. घरची माणसे वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली, अल्लाहचे शुक्र. ब्याऐंशी वर्षांच्या अम्मीने ती रात्र आणि पुढचा दिवस जिन्याच्या वरच्या पायरीशी बसून काढला. खाली काय काय तरंगतेय ते ती बघत होती. मशीन तरंगत नव्हते. ते बिडाचे, तळाला गेले होते.

रस्ते सुरू होताच मी पनवेलहून निघाले. अम्मीला माझ्या मुलासोबत पनवेलला धाडले आणि मी भावजयीच्या मदतीला राहिले. ज्यांनी पुरानंतरचे घर पाहिले आहे त्यांना सांगायला नको. घोटाभर चिखल, त्याला डिझेलचा वास, आणि भिंतीला पाण्याची रेघ. दोन दिवस आम्ही फक्त बाहेर फेकत होतो. गाद्या, फळ्यांची कपाटे, पुस्तके, धान्य. वॉशिंग मशीन तीन वर्षांचे होते, तेही गेले. टीव्ही गेला. भाच्याच्या लग्नात आलेला मायक्रोवेव्ह पेटीतून एकदाच बाहेर निघाला होता, तोही गेला. आणि या ढिगात भाच्याने शिलाई मशीनही नेऊन टाकले. त्याची चूक म्हणवत नाही. चिखलाने माखलेले, लाकडी फळी फुगलेली, चाक फिरेना. कोणीही तेच केले असते.

संध्याकाळी अम्मीचा फोन. पहिला प्रश्न, "मशीन कुठाय गं?"

"माळ्यावर ठेवलंय, अम्मी," मी म्हणाले.

आईशी खोटे बोलायचे माझे वय नाही, पण जीभ बोलून गेली. फोन ठेवल्यावर भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "फुफी, सकाळी डंपर येणार आहे."

हे मशीन काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे अब्बा जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांसारखेच आमचेही घर मनीऑर्डरवर चालायचे. एका वर्षी सात महिने मनीऑर्डर आली नाही. तेव्हा मी आठ वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. मशीन त्याच्या आदल्या वर्षी हप्त्याने घेतलेले, उषाचे, पायाने चालवायचे. अम्मीने ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, बुरखे, जे येईल ते शिवले. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर सहेरीपर्यंत मशीनचा आवाज यायचा, कारण मोहल्ल्यातल्या मुलांचे ईदचे कपडे तिच्याकडेच असायचे. आमचे स्वतःचे कपडे चांदरातीला शेवटी. अब्बा परत आले, पैसे मागाहून मिळाले, पण तोवर हप्ते अम्मीने फेडून टाकले होते. त्या मशीनवर अब्बांचा एक पैसाही नाही, हे ती कधी बोलून दाखवत नसे. पण मशीनला दुसऱ्या कोणी तेल घातलेले तिला खपत नसे.

त्या रात्री मी, भाचा आणि मदतीला आलेली सांगलीकडची दोन मुले, अशा चौघांनी ते ओढत परत आणले. ढिगातून काढताना सागवानी फळीला रस्त्याचा चांगलाच ओरखडा बसला. त्यातल्या एका मुलाचे वडील शिंपी होते. त्याने चाकाला हात लावून पाहिले आणि म्हणाला, "काकू, हे मरत नाही. आधी साध्या पाण्याने चिखल काढा, मग रॉकेलात भिजवा." रॉकेल काही मिळेना. शेवटी खाडीवरच्या एका होडीवाल्याने बाटलीभर डिझेल दिले. ते प्रत्येक भोकात सोडले आणि रात्रभर ठेवले. सकाळी चाक अर्ध्या बोटाने हलले. नेट लावून फिरवायचे नाही, पुढे थोडे, मागे थोडे, पुन्हा डिझेल. दुपारी पूर्ण फेरी झाली. डंपर येऊन गेला होता.

पुढचे काम कारागिराचे. बाजारातल्या मशीन दुरुस्तीवाल्याचे स्वतःचे दुकान पाण्याखाली गेले होते. तो फुटपाथवर एक टेबल टाकून बसला होता. त्याच्यासमोर ओळीने मशीने. त्याने आमचे मशीन माझ्या डोळ्यांदेखत उघडले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळले की मी जे रोज पाहत मोठी झाले ते आत कसे आहे.

शिलाई मशीनची गंमत सुईच्या टोकात आहे. हाताच्या सुईला नाक मागे असते, मशीनच्या सुईला टोकाशी. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर उचलते, तेव्हा दोऱ्याचा एक फासा तयार होतो. खाली फिरणारा आकडा तो फासा पकडतो आणि बॉबिनला वळसा घालून आणतो. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. टाका पडला. अमेरिकेत इलायस हाऊने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंटे घेतली ती अशा टाक्याच्या मशीनची, आणि आजही घरातले साधे मशीन हेच करते. वस्तू महाग म्हणून सिंगरच्या कंपनीने १८५० च्या दशकातच हप्त्याची सोय काढली. म्हणजे आमच्या अम्मीच्या हप्त्याची परंपरा बरीच जुनी. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीने बनवायला घेतली आणि मग ती खेड्यापाड्यांत पोचली. यंत्रांबद्दल इतके कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरचे शिलाई मशीन आपल्याला अपवाद म्हणून मान्य असल्याचे सांगितले होते.

कारागिराने एकेक भाग काढून रॉकेलच्या ताटलीत ठेवला. मी विचारले, "एवढं जुनं, पार्ट मिळतील?" तो हसला. या घडणीची मशीने सगळ्या कंपन्यांनी जवळजवळ एकाच मापाची केली. सुई तीच, बॉबिन तीच, बॉबिन केस तीच. सोळा नंबरची सुई कुठल्याही दुकानात घ्या, साठ वर्षांपूर्वीच्या मशीनला बसते. झिजणारे भाग मोजकेच आणि तेही स्क्रूने लावलेले. खिळलेले किंवा चिकटवलेले काही नाही. जिथे लोखंडावर लोखंड घासते तिथे वरून तेल सोडायला भोक ठेवलेले. बनवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून धरूनच चालले होते की हे कोणीतरी उघडणार आहे. याउलट नव्या चकचकीत मशीनमध्ये नायलॉनचे दाते असले, तर ते वापरा किंवा नुसते ठेवा, वर्षांनी तडकतात, असे त्याने सांगितले.

आमचे तीन वर्षांचे वॉशिंग मशीन आठवते? पुरानंतर कंपनीचा माणूस आला होता. मोटर ठीक आहे म्हणाला, ड्रम ठीक आहे म्हणाला. गेला होता तो फक्त तळहाताएवढा बोर्ड. "तो आता येत नाही, मॉडेल बंद झालं." कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचे असते तरी उत्तर हेच मिळाले असते असे वाटते. पुराला मी बोल लावते, पण पुरात बुडालेल्या दोन वस्तूंपैकी अर्धशतक उलटलेली परत उभी राहते आणि तीन वर्षांची भंगारात जाते, यात सगळा दोष पाण्याचा नाही.

आता "जुने ते सोने" म्हणून मी पुढे जाणार असे कोणाला वाटत असेल, तर थांबा. जुन्या काळी सगळेच टिकाऊ होते हा आपला भ्रम आहे. त्या काळातल्या रद्दी वस्तू केव्हाच भंगारात गेल्या, त्या आपल्याला दिसत नाहीत. टिकल्या त्याच दिसतात. अम्मीच्याच घरात एक कपड्याच्या वेष्टणाची वायर असलेली इस्त्री होती. तिने दोनदा शॉक दिल्यावर अब्बांनीच ती विहिरीमागे नेऊन टाकली. टिकायचे की नाही हे वयावर नसते, आतल्या रचनेवर असते.

छताचा पंखा घ्या. त्याच्या मोटरीत घासणारा भाग म्हणजे फक्त बेअरिंग. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. हळू झाला की बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, घरघर करू लागला की बेअरिंग. दोन्ही स्वस्तातले काम. पण हिशेबही करा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, आताचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिटांचा फरक. एका पंख्यामागे. बैठकीतला, जो फक्त पाहुणे आल्यावर लागतो, तो जुनाच राहू द्या. ज्याच्याखाली रोज झोपता तो बदलला तर दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतात.

मिक्सरची मोटर वेगळी. तिच्यात कार्बनचे दोन लहान तुकडे सतत घासत असतात. मिक्सरमध्ये ठिणग्या जास्त दिसू लागल्या, अधूनमधून बंद पडू लागला, की आपण "जळला" म्हणून टाकतो. पुष्कळदा फक्त कार्बन संपलेले असतात. भांड्याखालचा कपलरही असाच. तो मोटरीआधी तुटावा म्हणूनच नरम ठेवलेला असतो. तो तुटला म्हणजे मिक्सर वाचला समजा. आणि खाली लाल बटण असते, जास्त भार आला की ते उडते. ते दाबून न पाहताच दुकानात नेणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत, त्यांत मीही एक. मुळात भारतीय मिक्सर जन्मला तोच दुरुस्तीच्या अडचणीतून. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही आणि इथे दुरुस्तही होईना. तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी आपल्या मसाल्यांना पुरेल अशी मोटर करायला घेतली. त्यातून 'सुमीत' आला. पुरात बुडालेला भावजयीचा १९८७ सालचा मिक्सर त्याच फुटपाथवरच्या कारागिराच्या शेजाऱ्याने धुऊन, दोन दिवस बल्बच्या उबेत सुकवून, कार्बन बदलून चालू करून दिला. वाटण होते. आवाज पूर्वीपेक्षा मोठा आहे, पण भावजय म्हणते, तोही पूर पाहून आलाय, त्याला ओरडू दे.

आखाती देशांतून आलेल्या वस्तूंचेही तसेच. आपल्या कोकणी घरांत कुवेत-बहरीनहून आलेला भात शिजवायचा कुकर असतोच. साध्या कुकरच्या बुडाशी एक खास चुंबक असते. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या पुढे जात नाही. पाणी भाताने शोषले की तापमान चढते, चुंबकाची ओढ सुटते आणि बटण खट्‌कन वर येते. एवढेच. ना बोर्ड, ना घड्याळ. म्हणून तो वीस-पंचवीस वर्षे जातो. मात्र सौदीहून पूर्वी आणलेल्या काही वस्तू ११० किंवा १२७ व्होल्टच्या असत. माळ्यावरून अशी एखादी पेटी काढलीत तर तळाची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. आमच्या शेजारी चाचींचा नवा कोरा टोस्टर असाच एका मिनिटात धूर होऊन गेला.

आता पत्रातला फ्रिज. बाई, दार बंद करताना मध्ये एक कागदाची पट्टी धरा आणि ओढून पाहा. सहज निघून आली तर दाराचे रबर सैल झाले आहे. ते बदलता येते. बर्फ फार साठतो का, कॉम्प्रेसर थांबतच नाही का, हे रात्री घर शांत असताना ऐका. फ्रिज चोवीस तास चालणारी वस्तू आहे, त्यामुळे जुना फ्रिज विजेच्या बिलात गुपचूप खातो. वस्तूंवर ताऱ्यांचे लेबल लावायची पद्धत आपल्याकडे २००६ मध्ये सुरू झाली. तुमचा त्याआधीचा आहे. मला विचाराल तर इथे मुलाचे ऐका. पण नवा घेताना दुकानदाराला रंग आणि आरसेदार दार विचारण्याआधी हे विचारा, की याचा बोर्ड, रबर आणि थर्मोस्टॅट किती वर्षे मिळेल आणि गावात कोण उघडतो? २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याचे पोर्टलही निघाले. पण दुकानात उभ्या असलेल्या बाईने विचारलेला प्रश्न दुकानदाराच्या जास्त लक्षात राहतो. सासूबाईंना मात्र माझा सलाम सांगा. त्यांनी बावीस वर्षे फ्रिज नीट वापरला म्हणून तो बावीस वर्षांचा झाला.

पुराची वेळ कोणावर न येवो, पण आलीच तर एक लक्षात ठेवा. भिजलेली विजेची वस्तू "चालते का पाहू" म्हणून प्लगला लावायची नाही. माणूस जातो, आणि वाचू शकणारी मोटरही जाते. आधी धुवायची, सुकवायची, जाणत्याला दाखवायची. घरातल्या अर्थिंगचीही तपासणी करून घ्या. आणि शिलाई मशीनला खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे हाताशी तेच असते म्हणून घातले जाते. थंडीत ते गोठते, पुढे चिकट होते आणि धूळ धरते. कारागिराने आमच्या मशीनमधून जो काळा गोंद खरवडला त्यात वाशिष्ठीचा गाळ किती आणि माझे लहानपणीचे खोबरेल किती, सांगता येणार नाही. मशीनचे पातळ तेल मिळते, तेच घाला. थेंबभर पुरते.

मजुरी त्याने पुरेपूर घेतली. नवा चामड्याचा पट्टा, बॉबिन केस, एक स्प्रिंग आणि अर्ध्या दिवसाचे काम. त्याचेही दुकान बुडाले होते, घासाघीस करायची वेळ नव्हती. खालचा बिडाचा सांगाडा भाच्याने पॉलिश पेपरने घासून काळा रंगवला. फळी वाळून बरीचशी सरळ झाली. ओरखडा मात्र रंधा मारूनही गेला नाही.

अम्मी सप्टेंबरात चिपळूणला परतली. तोवर घराला रंग लागला होता, नवे वॉशिंग मशीन आले होते. तिने कशाकडे पाहिले नाही. खिडकीपाशी मशीन होते, तिथे जाऊन बसली. चष्मा लावला, सुईत दोरा ओवायला मला दिला, आणि जुन्या चादरीच्या तुकड्यावर वीतभर शिवण मारली. थांबली. उलटून टाके पाहिले.

"पट्टा नवा आहे," ती म्हणाली.

"हो. जुना तुटला होता."

पुन्हा वीतभर शिवले. मग पाय थांबवून चाकावर तळहात ठेवला. "आवाज बदललाय याचा. पाण्यात होतं ना?"

मी मान हलवली. माळ्याचे खोटे मी अजून कबूल केले नव्हते. तिचे बोट फळीवरून सरकत त्या ओरखड्याशी आले आणि तिथेच थोडा वेळ राहिले.

"आणि रस्त्यावरही."

मी काही बोलले नाही. भाचा दारातूनच आत निघून गेला.

"तेलाची बाटली दे," अम्मी म्हणाली. "आणि तो झोपायचा दिवा जवळ आण, भोकं दिसत नाहीत मला."